शेरा लिहिण्याआधी मुलाला विचारा: तुझं लेखन कुठे अडलं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आठवी-नववीला भाषा शिकवता, एका तुकडीत पन्नास मुलं आहेत. निबंधाच्या प्रत्येक वहीत पाच-सात शेरे लिहिता, मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. पुढच्या निबंधात पुन्हा त्याच चुका. कुणीतरी सुचवलं म्हणून स्वयंमूल्यमापनाचा तक्ता भरून घेतलात. त्यात आशय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन असे रकाने आणि पुढे उत्तम, चांगले, बरे असे पर्याय होते. बहुतेकांनी सरसकट ‘उत्तम’वर खुणा केल्या. ज्या दोन-तीन मुली खरोखर छान लिहितात त्यांनी मात्र ‘बरे’ निवडलं. आता तुमचं म्हणणं असं की मुलांना स्वतःचं लेखन जोखताच येत नसेल तर हा खटाटोप कशाला? आणि यानं माझं काम कमी होणार की वाढणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सुरुवातीला काम वाढतं. मुलांना सवय लागली की वहीमागचा वेळ कमी होतो, पण फक्त तेवढ्यासाठी हे करायला घेतलंत तर महिन्याभरात कंटाळून सोडून द्याल. खरा फायदा वेगळा आहे. आपला शेरा कुठे जाऊन पडतो हे आपल्याला पहिल्यांदाच दिसायला लागतं.

आता मूळ अडचण. मुलं आळशी आहेत म्हणून शेरे वाया जातात असं आपण धरून चालतो. पण आपण वही हातात घेतो तेव्हा आपल्यासमोर असतं ते फक्त कागदावर उतरलेलं. लिहिताना मुलगा कुठे अडला, कोणतं वाक्य त्यानं तीनदा खोडलं, कोणता परिच्छेद ‘चालतंय’ म्हणून रेटला, यातलं आपल्याला काही ठाऊक नसतं. मग आपण आपल्या डोळ्यांना खुपेल ते लिहितो. ‘मुद्द्यांचा विस्तार करा.’ ‘भाषा अधिक प्रभावी हवी.’ ‘शेवट घाईत उरकला आहे.’ यातलं काही खोटं नसतं. पण हे शेरे एका वहीतून काढून दुसरीत चिकटवले तरी कुणाला फरक कळणार नाही. लेखन-अध्यापनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये शिक्षकांचे शेरे तपासून नेमकं हेच नोंदवलं होतं, आणि आजही कुठल्याही शाळेतला वह्यांचा गठ्ठा उघडला तर तेच दिसेल.

‘विस्तार करा’चं काय होतं ते सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलानं हा शेरा वाचून परिच्छेद पुन्हा लिहिला, तो असा: ‘पाणी हे जीवन आहे. पाण्याशिवाय जीवन नाही. पाणी नसेल तर जगणे अशक्य आहे.’ खाली लिहिलं होतं, ‘विस्तार केला आहे.’ त्यानं सांगितलेलं इमानेइतबारे केलं होतं. एक वाक्य होतं, आता तीन झाली. विस्तार म्हणजे कारण, प्रसंग, आकडा, एखाद्याचं उलट मत असं काहीतरी नवं आत आणणं, हे त्या दोन शब्दांतून त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आणि तो जर खाली ते वाक्य लिहिता ना, तर ते पोचलं नाही हे मला कधी कळलंही नसतं. स्वयंमूल्यमापनाचं माझ्या लेखी मोल आहे ते इथे.

म्हणून तुमच्या तक्त्याकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघेन. तक्त्यातून तुम्ही मुलांकडे निकाल मागितलात. निकाल देणं त्यांचं काम नाही, त्यांना ते जमतही नाही. १९९९ मध्ये क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या एका चाचणीचा विषय व्याकरणच होता. सगळ्यात कमी गुण मिळवणारे स्वतःला सरासरीच्या वर धरून चालले होते, आणि वरचे मात्र इतरांच्या तुलनेत स्वतःला थोडं खालीच मोजत होते. तुमच्या वर्गातलं ‘उत्तम’ आणि ‘बरे’ त्याच वळणाचं आहे. त्यामुळे मुलांनी स्वतःला दिलेली श्रेणी गुणपत्रकात घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. पण श्रेणी चुकते म्हणून मूल स्वतःच्या लेखनाबद्दल जे सांगतं ते सगळं टाकाऊ ठरत नाही. डॉक्टर पेशंटला ‘तुम्हाला कोणता आजार झालाय’ असं विचारत नाहीत, ‘कुठे दुखतंय’ असं विचारतात. आपणही तेवढंच विचारायचं.

मुलाचा अंदाज चुकतो तेव्हाच मला सगळ्यात जास्त माहिती मिळते. त्यानं दाखवलेली जागा आणि मला दिसलेली जागा एकच असली तर काम सोपं: त्याला दोष कळलेला आहे, उपाय हवा आहे, मी फक्त उपाय लिहायचा. त्याला वाईट वाटतंय ती जागा मुळात चांगली असली तर ‘हे राहू दे, आणि का राहू दे ते असं’ हे सांगणं गरजेचं असतं, नाहीतर पुढच्या वेळी तो नेमकी तीच गोष्ट गाळतो. आणि जिथे त्यानं ‘इथे मस्त जमलंय’ लिहिलंय तिथेच लेखन कोसळलं असेल, तर तुमचा सगळा वेळ तिथे घाला. तिथे चूक दाखवून भागत नाही. चांगलं कशाला म्हणायचं याची त्याच्या डोक्यातली कल्पनाच वेगळी आहे, आणि ती तशीच राहिली तर तुमचे दहा शेरे वरून वाहून जातील.

हे सगळं दिसायचं असेल तर प्रश्न बदलावा लागतो. ‘किती चांगलं झालंय’ सोडून ‘कुठे’ विचारा. मी मुलांना निबंधाच्या शेवटी, वही देण्याआधी, दोन गोष्टी करायला सांगते. सगळ्यात जमलेल्या एका वाक्याखाली सरळ रेघ. जिथे अडखळलास, समाधान झालं नाही, तिथे नागमोडी रेघ आणि समासात एक प्रश्न. प्रश्न त्या जागेबद्दलच हवा आणि त्याचं उत्तर मला देता आलं पाहिजे. ‘निबंध कसा झालाय?’ हा प्रश्न मी परत पाठवते. ‘दुसऱ्या परिच्छेदात आजोबांचं बोलणं घातलंय, ते मध्येच आल्यासारखं वाटतं का?’ हा चालतो. रेघा आणि प्रश्न नसतील तर वही तपासली जात नाही, एवढा एकच दंडक. रेघांना गुण नाहीत, प्रश्नालाही नाहीत.

ही कल्पना माझी नाही. मॅगी चार्ल्स यांनी १९९० च्या एका लेखात दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी जवळजवळ हीच रीत मांडली होती: विद्यार्थ्यानं मसुद्यावर स्वतःच्या शंका लिहायच्या, शिक्षकानं त्या शंकांना उत्तरं द्यायची. मी ती शाळेच्या वहीला जमेल इतकी आटोपशीर केली, एवढंच.

एक नमुना जवळून दाखवते. विषय होता ‘शाळेत मोबाइल आणू द्यावा का?’ एका मुलाचा परिच्छेद:

‘मोबाइल ही आजच्या काळाची गरज आहे. मोबाइलमुळे जग जवळ आले आहे. परंतु मोबाइलचे दुष्परिणामही अनेक आहेत. म्हणून मोबाइलचा वापर योग्य प्रकारे केला पाहिजे.’

त्यानं सरळ रेघ मारली होती ‘जग जवळ आले आहे’ खाली. नागमोडी रेघ तिसऱ्या वाक्याखाली, आणि समासात प्रश्न: ‘इथे उदाहरण हवं का?’

त्याचा प्रश्न नसता तर मी काय लिहिलं असतं? बहुधा ‘उदाहरणे द्या’. आणि त्यानं डोळे खराब होतात, अभ्यासातलं लक्ष उडतं, अशी दोन वाक्यं घालून मोकळा झाला असता. पण उदाहरण लागेल हे त्याला आधीच कळलंय. मग तरी ते का सुचलं नाही? कारण त्यानं बाजूच घेतलेली नाही. चारही वाक्यं ‘आणू द्यावा’ म्हणणाऱ्यालाही चालतील आणि ‘अजिबात नको’ म्हणणाऱ्यालाही. शिवाय चारांत ‘शाळा’ हा शब्दच नाही. म्हणून मी लिहिलं: ‘हो, उदाहरण हवं. पण ते का सुचत नाहीये ते बघ. शाळेत मोबाइल आणू द्यावा की नाही, तुझं मत एका वाक्यात लिही आणि ते परिच्छेदाच्या सुरुवातीला टाक. मग त्या मताला पटवणारी शाळेतलीच एक घटना शोध.’ आणि सरळ रेघेपाशी: ‘हे वाक्य तुला का आवडलं? हे तुझं आहे की ऐकलेलं?’

दुसऱ्या प्रतीत परिच्छेदाची सुरुवात अशी होती: ‘शाळेत मोबाइल आणू द्यावा, पण तो वर्गात शिरताना शिक्षकांकडे जमा करावा. गेल्या आठवड्यात माझी बस बंद पडली तेव्हा आईला कळवायला मला कुणाचातरी फोन मागावा लागला.’ फार थोर लेखन नाही हे. पण या दोन वाक्यांमागे एक मुलगा आहे, पहिल्या चारांमागे नव्हता. ‘जग जवळ आले आहे’ त्यानं स्वतःच काढून टाकलं होतं, मी ‘काढ’ म्हटलं नव्हतं.

उलटा नमुनाही असतो. घर बदलण्याच्या अनुभवावर एका मुलीनं लिहिलं होतं. शेवटच्या परिच्छेदात रिकाम्या खोलीत भिंतीवर कपाटाच्या जागी उमटलेला फिकट चौकोन होता, आणि त्यानंतर वाक्य: ‘अशा प्रकारे बदल हा जीवनाचा नियम आहे हे मला समजले.’ तिनं सगळ्या परिच्छेदाला नागमोडी रेघ मारून विचारलं होतं, ‘शेवट आवडला नाही, नवीन लिहू का?’ तिचं खटकणं बरोबर होतं, जागा थोडी चुकली होती. मी इतकंच लिहिलं: ‘नवीन लिहू नकोस. शेवटचं वाक्य बोटानं झाक आणि परत वाच.’ आपण परीक्षेसाठी मुलांना तात्पर्य जोडायची इतकी सवय लावतो की चांगला शेवट लिहून झाल्यावरही ती आणखी एक वाक्य टाकतातच! ते वाक्य तिलाही टोचत होतं हे मला तिच्या रेघेनं कळलं, म्हणून शेरा एका ओळीत आटोपला.

आता, पहिल्याच दिवशी वर्गाला ‘प्रश्न लिहा’ म्हटलंत तर काय येईल ते सांगते. निम्मे प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचे. बाकीचे ‘प्रस्तावना अजून प्रभावी हवी का?’ अशा छापाचे, म्हणजे आपलेच शेरे प्रश्नचिन्ह लावून परत. यात मुलांचा दोष नाही. चांगलं लेखन कसं दिसतं हे त्यांच्या डोळ्यांनी अजून पाहिलेलं नसतं. रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये एक मुद्दा मांडला तो मला फार मोलाचा वाटतो: शिकणाऱ्याच्या मनातली दर्जाची कल्पना शिक्षकाच्या कल्पनेच्या साधारण जवळ यायला हवी, आपलं काम त्या कल्पनेशी ताडून बघता यायला हवं, आणि मधलं अंतर कापायला काय करायचं तेही माहीत हवं. आपण सहसा पहिली पायरी गाळतो आणि शेऱ्यांच्या जोरावर तिसरीवर उडी मारायला सांगतो.

तेव्हा सुरुवातीचे काही तास वहीला हात लावू नका. जुन्या वर्षांतल्या मुलांचे दोन परिच्छेद घ्या, नावं काढून, एकाच विषयावरचे. एक बरा, एक जरा जास्त बरा. अतिशय चांगला आणि अतिशय वाईट अशी जोडी नको, त्यात विचार करायला काही उरत नाही. ‘कोणता चांगला’ विचारण्यापेक्षा ‘हा लिहिणारा कुठे अडखळला असेल’ असं विचारा. दुसऱ्याच्या लेखनातली अडखळ मुलांना पटकन दिसते. मग एखाद दिवशी तुम्ही स्वतः फळ्यावर सात-आठ ओळी लिहा, तयारी न करता, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं बोला: ‘हे वाक्य मला ढिलं वाटतंय... इथे मी दोनदा तेच म्हणतेय का?’ शिक्षकालाही पहिल्या फटक्यात जमत नाही हे मुलांनी पाहिलं की नागमोडी रेघ मारायची लाज कमी होते. या एका तासाचा परिणाम दहा सूचनांपेक्षा जास्त होतो असा माझा अनुभव आहे.

शुद्धलेखन या सगळ्यातून पूर्ण बाजूला काढा. पहिल्या मसुद्यावर त्याबद्दल प्रश्न विचारायचा नाही आणि आपणही लिहायचं नाही. त्यासाठी मी रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मध्ये सांगितलेली युक्ती वापरते: चूक दाखवायची नाही, ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर समासात फक्त फुली मारायची. दोन चुका असल्या तर दोन फुल्या. चूक कोणती ते मुलानं शोधायचं. हॅसवेल यांना आढळलं की निम्म्याहून जास्त चुका विद्यार्थी आपल्या आपणच दुरुस्त करतात, आणि वर्गात मलाही तसंच दिसतं. ‘आणी’ लिहिणाऱ्या बऱ्याच मुलांना ‘आणि’ माहीत असतं, फक्त हात घाईत असतो. ज्या चुका शोधूनही सापडत नाहीत तेवढ्याच शिकवायच्या, म्हणजे ‘कि’ का चूक आणि ‘की’ का बरोबर, एकाक्षरी शब्दांचा नियम काय, वगैरे. हेही एक प्रकारचं स्वयंमूल्यमापनच आहे, आणि तुमचा लाल शाईचा खर्च सगळ्यात जास्त इथेच वाचेल.

शेरा किती लिहायचा? माझ्याकडे एका वहीत दोनच. पहिला मुलाच्या प्रश्नाचं उत्तर, त्याच्याच शब्दांना धरून. दुसरा, त्याला न दिसलेली एक गोष्ट. तिसरी, चौथी, पाचवी दिसली तरी पेन आवरायचं. हे सुरुवातीला फार जड जातं, कारण आपल्याला वाटतं आपण चूक पाहून सोडून दिली. सोडलेली नसते, पुढच्या निबंधासाठी ठेवलेली असते. हिशेब करून बघा: पन्नास वह्या, प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे पाच तास. चार मिनिटांवर आलात तर तीन तास वीस मिनिटं. तेवढंही शक्य नसेल तर दर निबंधाला एक-तृतीयांश वह्यांना सविस्तर उत्तरं द्या, बाकीच्यांच्या फक्त प्रश्नाला एका ओळीत. पाळी सगळ्यांची येते, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

आणि वह्या तपासायला घेण्याआधी नुसते समासातले प्रश्न चाळा. पंधरा मिनिटांचं काम आहे. वीस मुलांनी ‘दोन परिच्छेद जोडायचे कसे’ असं काहीतरी विचारलेलं असेल तर वीस वह्यांत ते लिहू नका, दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या. तुमचं काम इथे खरं हलकं होतं. शिवाय त्या प्रश्नांतून तुमच्या शिकवण्यात कुठे भोक राहिलंय तेही कळतं, आणि ते कुणा तपासणी अधिकाऱ्यानं सांगण्यापेक्षा असं कळलेलं बरं.

गुणांचा मुद्दा नाजूक आहे. तुम्ही लिहिलंत की मुलं गुण बघून वही मिटतात. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास यावर नेहमी सांगितला जातो: नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम आणि रस दोन्ही वाढले, शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांचा तो फायदा निघून गेला. ते काम निबंधाचं नव्हतं, छोट्या शब्दखेळांसारखं होतं, त्यामुळे मी त्यावर सगळी इमारत उभारणार नाही. पण आपण रोज जे पाहतो त्याच्याशी ते जुळतं. तुमच्या शाळेत प्रत्येक लेखनाला गुण द्यावेच लागत असतील तर निदान पहिल्या मसुद्याला देऊ नका. दुसऱ्या प्रतीला द्या. आणि मुलांना शब्द द्या की त्यांनी स्वतः दाखवलेल्या दोषाचे गुण कापले जाणार नाहीत. हा शब्द एकदा जरी मोडलात तर पुढच्या वेळी सगळ्या वह्यांत नागमोडी रेघ निरुपद्रवी जागी दिसेल. मुलं हुशार असतात, आपली कमजोरी दाखवून तोटा होतो हे त्यांना एका फटक्यात कळतं. तुमच्या तक्त्यावरचे ते ‘उत्तम’ काही अंशी याच हिशेबातून आले असावेत.

तरीही काही मुलं हटून बसतात. ‘सगळं छान झालंय, प्रश्न नाही’ म्हणणाऱ्याला मी सांगते, ठीक आहे, एक वाक्य गाळायचंच असेल तर कोणतं गाळशील ते दाखव. उत्तर येतं. ‘सगळंच वाईट झालंय’ म्हणणारीला (त्या तुमच्या ‘बरे’वाल्या मुली) नागमोडी रेघेची परवानगीच देत नाही, तिनं दोन जागी सरळ रेघ मारायची आणि का ते लिहायचं. तिला दोष शोधायला शिकवायची गरज नसते, दोष ती रात्रभर शोधत असते. आणि जे मूल स्वतः न लिहिता कुठूनतरी तयार मजकूर उतरवून आणतं, त्याला समासातला प्रश्न सुचत नाही. चोर पकडायला म्हणून ही रीत वापरू नका, पण कळतं एवढं खरं.

वही परत दिल्यावर वर्गातच दहा मिनिटं द्या. घरी पाठवलंत की वही दप्तरात झोपते. माझ्या शेऱ्याखाली मुलानं लिहायचं: काय बदललं, किंवा ‘बदललं नाही, कारण...’ हा नकाराचा हक्क मी मुद्दाम ठेवते. एका मुलीनं पावसाच्या वर्णनात ‘थांबला नाही’ हे शब्द चार वाक्यांच्या शेवटी वापरले होते. मी विचारलं होतं, इतक्यांदा हवेत का? तिनं लिहिलं, ‘हवेत. पाऊस थांबत नव्हता तसं वाक्यंही थांबू नयेत म्हणून.’ मला अजूनही तीन पुरले असते असंच वाटतं. पण ते कारण लिहिणाऱ्याचं होतं, शिक्षकाला खूश करणाऱ्याचं नव्हतं, म्हणून मी पुढे काही लिहिलं नाही. क्लूगर आणि डिनीसी या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रतिसादाच्या परिणामांबद्दलचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले तेव्हा तिनातल्या एकाहून जास्त ठिकाणी प्रतिसाद दिल्यानं काम उलट घसरलेलं दिसलं. मुलाच्या हातून लेखन काढून घेणारे शेरे त्यातच मोडत असतील असा माझा अंदाज आहे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: श्रेणी नको, जागा विचारा, आधी नमुन्यांवर सराव, दोनच शेरे, शुद्धलेखन वेगळं, पहिल्या मसुद्याला गुण नाहीत, आणि शेऱ्याला मुलाचं उत्तर.

परिस्थितीनुसार यात काय बदलेल? लहान वर्गांना, म्हणजे पाचवीच्या खाली, लेखी प्रश्न जड जातो. तिथे मूल समोर उभं करून ‘तुला कोणतं वाक्य आवडलं?’ एवढं तोंडी पुरतं. शाळेची भाषा ज्यांची घरची नाही त्यांना समासातला प्रश्न घरच्या भाषेत लिहू द्या, तुम्हाला किंवा शेजारच्या बाकावरच्या कुणाला ती समजत असेल तर. दुसरी प्रत लिहायला वेळच मिळत नसेल, सगळं लेखन परीक्षेसारखं एकदाच होत असेल, तर या रीतीचा निम्मा फायदा जातो हे मान्य करायला हवं. त्यापेक्षा वर्षात निबंधांची संख्या कमी करा आणि प्रत्येकाच्या दोन प्रती करा, हा माझा सल्ला. दहा निबंध एकदा लिहिण्यापेक्षा पाच दोनदा लिहिलेले बरे, असं माझं ठाम मत आहे. यावर सहकारी वाद घालतील. घालू द्या.

शेवटी तुम्ही कंसात विचारलेलं: वहीत लाल शाई कमी दिसली तर मुख्याध्यापक आणि पालक ‘तपासलंच नाही’ म्हणतील, त्यांना काय सांगायचं? तोंडी समजावत बसू नका. एखाद्या मुलाचा पहिला मसुदा, त्याचा समासातला प्रश्न, तुमचं उत्तर आणि दुसरी प्रत अशी चार पानं एकत्र टाचून ठेवा. हुशार मुलाची नको, मधल्या फळीतल्या मुलाची घ्या. पालकसभेत ती पानं हातात द्या आणि त्यांना दोन्ही प्रती वाचू द्या. पहिल्या सत्रात अशी दोन-तीन टाचणं जमली नाहीत तर मला पुन्हा विचारा, तेव्हा मुलांच्या समासातले चार-पाच प्रश्न जसेच्या तसे उतरवून पाठवा. अडचण कुठे आहे ते त्या प्रश्नांवरून सांगता येईल.